येतानाचं पळणं

पुणे, ४ सप्टेंबर १९७४

अक्कास सूर्यभानचा जयभीम.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावली असशील तर तो राग इथंच सोड, कारण बातमीच तशी आहे. आमच्या व्यायाम महाविद्यालयात सगळ्या जिल्ह्यांच्या शालेय स्पर्धांचे निकाल येतात आणि ते लावून ठेवायचं काम माझ्याकडे असतं. परवा परभणीचा कागद उघडला आणि खुर्चीतून उठलोच. मुलींच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत पहिली कोण, तर कु. सरजा दत्तराव वाकळे, वालूर. माझी भाची. दुसरीही वालूरचीच, आणि मुलांच्या शर्यतीतही वालूरचीच नावं. एवढ्या मोठ्या जिल्ह्यात बाकीच्या गावांना पाय नाहीत का?

कागद घेऊन तडक व्यंकटराव सरांकडे गेलो. सर आमच्या विभागाचे मुख्य. कोणत्या मुलखातली माणसं पळण्यात पुढे आणि का पुढे, हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. आफ्रिकेतल्या डोंगरी भागातल्या धावपटूंवर बोलायला लागले की समोरचा चहा गार होतो. ते म्हणाले, "उंचावरची विरळ हवा, दुसरं काय." मी म्हटलं, सर, वालूरला उंच म्हणाल तर शाळेपुढचं लिंबाचं झाड आहे. सर गंभीर झाले आणि म्हणाले, "मग काहीतरी वेगळंच कारण आहे. शोधा."

तर तू सांग. पोरं काय खातात, पाणी कुठलं, माती कशी, ऊन किती, शाळेला किती चालतात, झोपतात कधी. आणि मुख्य म्हणजे जानेवारीत राज्य स्पर्धा इथं पुण्यातच आहे. सरजाला पाठवायचंच. तिच्यासाठी कॅनव्हासचे बूट पार्सलनं पाठवले आहेत.

तुझा सूर्यभान

•

वालूर, १५ सप्टेंबर १९७४

चि. सूर्यभानला अक्काचा जयभीम आणि आशीर्वाद.

तुझे प्रश्न आपल्या आबांना वाचून दाखवले तर हसून हसून त्यांना ठसका लागला. मी क्रमानं उत्तरं देणार नाही. मी मास्तरीण आहे, परीक्षेला बसलेली पोर नाही.

खाणं म्हणजे ज्वारीची भाकरी आणि लसणाची चटणी. सगळा परभणी जिल्हा हेच खातो आणि खाऊन आडवा होतो, पळत कुणी नाही. पाणी मचूळ. माती काळी, आणि तुझ्या सरांनी एकदा पावसात आमच्या रानातून चालून दाखवावं, चपला मागंच राहतील. ऊन मोजायला आम्हाला फुरसत नाही. आबांना विचारलं तर ते म्हणाले, पळणाऱ्यानं रात्री पाय उत्तरेला करून निजावं. काल विचारलं तेव्हा दक्षिणेला म्हणाले होते.

खरं विचारशील तर आमच्या घरातला धावपटू म्हणजे तुझे दाजी. परभणीला पाटबंधाऱ्याच्या कचेरीत कारकुनी, शनिवारी घरी येणार आणि सोमवारी पहाटे एसटी. लग्न झाल्यापासून एकदा वेळेवर निघतील तर शपथ. हातात डब्याची पिशवी आणि पुढं धुरळा उडवत जाणारी गाडी. कंडक्टरही आता ओळखून घंटी उशिरा मारतो. पण त्यांना पळता म्हणायची सोय नाही. "मी पळत नाही, झपाझप चालतो," असं म्हणतात.

आता नीट ऐक. सरजा पळते हे त्यांना ठाऊक नाही. परभणीला ती वक्तृत्वाला गेली होती असं मी सांगितलंय, आणि बक्षिसाचा पेला ज्वारीच्या कणगीत आहे. पळणं म्हटलं की त्यांचा चेहरा उतरतो, आणि का उतरतो ते तुला माहीत आहे. पिंगळीला त्यांचे वडील आणि इथं आपले आबा, दोघांच्या वाट्याला गावकीतलं तेच काम होतं. गावात कुणी मेलं की पाहुण्यांच्या गावोगाव सांगावा घेऊन त्या दोघांनी पळायचं. छप्पनला आपण धम्म घेतला आणि ते सोडलं, तेव्हा तू नाक ओढत फिरत होतास. दाजी कळते होते, त्यांनी सगळं पाहिलंय.

दसऱ्याला धम्मचक्र दिन आहे. गोडधोड खाऊन माणूस जरा मऊ असतो, तेव्हा मी त्यांना सांगीन. तोवर काय लिहायचं ते बंद पाकिटात लिही. पोस्टकार्ड टाकू नकोस. आमचा भुजंग पोस्टमन आधी स्वतः वाचतो, आवडलं तर पारावर वाचून दाखवतो आणि मग घरी आणून देतो.

बूट सरजाला मोठे झाले. तिला अनवाणीच बरं वाटतं. आबांनी घालून पाहिले ते काढलेच नाहीत.

तुझी अक्का

•

पुणे, ८ ऑक्टोबर १९७४ (पोस्टकार्ड)

अक्का, पाकिटं संपली आणि मला धीर धरवत नाही. सरांना आबांच्या सांगाव्यांचं सांगितलं. सर टेबलावर थाप मारून म्हणाले, "सापडलं. पिढ्यान्‌पिढ्या निरोप घेऊन पळालेली ही माणसं, पळणं यांच्या रक्तातच उतरलंय." लेखाचं नावसुद्धा ठरलं. सरजाची पुण्याच्या शर्यतीसाठी निवड झाली, तयारी जोरात चालू ठेव. आबांचा एक फोटो पाठव, पाय दिसतील असा. सूर्यभान

•

वालूर, १४ ऑक्टोबर १९७४

सूर्यभान,

आशीर्वादाचं नंतर बघू.

तुझं कार्ड शनिवारी आलं. त्याच वेळी तुझे दाजी एसटीतून उतरून पारावरून येत होते. भुजंगाला वाटलं आपण आनंदाची बातमी सांगतोय. त्यानं हाक मारली, "ओ दत्तराव, तुमची पोरगी पुण्याला पळायला निघाली की. आन् तुमच्या रक्तातच हाय म्हून लिवलंय." चारचौघं हसले. वाईट मनानं नाही, पण हसले.

घरी येऊन त्यांनी पाय धुतले, कार्ड माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाले, "वक्तृत्वाला गेलती ना?" ते ओरडले असते तर मीही चार शब्द बोलले असते. ते हळूच बोलत होते.

"माझ्या बाला जेवत्या ताटावरून उठवून धाडायचे. माझ्या बहिणीच्या हळदीच्या दिवशी धाडलं. त्यो पळत न्हवता, त्याला पळवायचे. ते रक्तात असतं व्हय? मग हुकूम देणाऱ्याच्या रक्तात काय हाय, तेबी शोध म्हणावं तुझ्या भावाच्या सरानं." आणि सरजाकडे बघून म्हणाले, "ह्या घरात आता कुणी पळनार न्हाई."

बोलल्याप्रमाणे आज पहाटे ते शिस्तीत चालत स्टँडवर गेले आणि एसटी गेली. दुसऱ्या गाडीनं गेले. साहेबांची बोलणी खाल्ली असतील.

सरजा पहाटे उठून उंबऱ्यात बसते. पुस्तक उघडं असतं आणि डोळे रस्त्यावर. एवढी बडबडी पोर, पण विचारलं त्याच्यापुरतं बोलते. मला तिच्याकडे बघवत नाही. आणि सूर्यभान, तुझा मला लय राग आलाय. पोस्टकार्डाचा कमी आणि त्या एका शब्दाचा जास्त. तुझ्या हातानं तो कसा लिहवला?

अक्का

•

पुणे, २२ ऑक्टोबर १९७४

अक्का,

तुझं पत्र वाचलं आणि जेवण गेलं नाही. शाबासकीच्या भरात मला सरांचा शब्द शाबासकीसारखाच वाटला. दाजींनी विचारलेला प्रश्न मी सरांपुढं जसाच्या तसा ठेवला. सरांनी लेखाच्या नावाचा कागद माझ्यापुढं सरकवला. मग म्हणाले, "खोडा ते." थोड्या वेळानं विचारलं, "पण मग लिहू काय?" मी म्हटलं, सध्या चटणीचं लिहा.

आता कामाचं बोलतो. सरजाला उतरायचं तर वडिलांची लेखी संमती डिसेंबरअखेरपर्यंत इथं पोचली पाहिजे. नसता तिच्या जागी दुसरीच मुलगी येईल. आईची सही चालते का तेही विचारून आलो. चालत नाही म्हणाले.

दाजी माझं ऐकायचे नाहीत आणि तुझंही नाही. पण आबांना ते मानतात. आबांना बोलायला लाव. पळण्याबद्दल आबा आपल्यालाही कधी धड काही सांगत नाहीत, विचारलं की उत्तर-दक्षिण करतात. या खेपेला मात्र करू देऊ नकोस.

सूर्यभान

•

वालूर, १६ डिसेंबर १९७४

चि. सूर्यभानला आशीर्वाद. राग थोडा उरलाय, पण सांगण्यासारखं इतकं साचलंय की तो बाजूला ठेवते.

तुझ्या सरांना हवं असलेलं कारण मला सापडलं, तेही चोरी पकडताना. सरजा उंबऱ्यातून उठून पहाटे कुठंतरी नाहीशी व्हायला लागली. आबांबरोबर लिंबाच्या काड्या आणायला जाते म्हणायची. दात घासायला एवढ्या काड्या कशाला लागतात म्हणून एक दिवस मी मागं गेले. बघते तर ओढ्यापलीकडं आबा, आणि भोवती गावातली निम्मी पोरं. आपल्या वस्तीतली, पाटलांच्या आळीतली, आताराची मुलगीसुद्धा. जाताना सगळे रमतगमत, गप्पा मारत जातात. तिथं काड्या मोडतात. मग आबा म्हणतात, "चला आता घरला. बघू कोन आधी पोचतंय," की सगळी भिरभिर सुटतात आणि आबा कॅनव्हासचे बूट वाजवत त्यांच्या मागं. माझ्या शाळेतली पोरं मला सांगतात की हे वर्षानुवर्षं चाललंय, आणि गावाला वाटतं म्हातारा पोरांना दात घासायला शिकवायलाय. म्हणजे वालूरची पोरं पळतात ती भाकरीनं नाही आणि मातीनंही नाही, आबांच्या नादानं.

काल रविवारी जेवताना मी मुद्दाम दोघांची ताटं समोरासमोर वाढली. सरजा भाकरी वाढत होती. आबांनी आपण होऊनच विषय काढला.

"दत्तराव, समदे पळन्याचं बोलायलेत, पन जो पळला त्याला कुनी इचारलं न्हाई."

"त्यात काय इचारायचं आबा, समदं मालूम हाय."

"निम्मं मालूम हाय तुमाला, जातानाचं. सांगावा घेऊन जायचो ते गावाचं पळनं. वाटंत थांबलं की बोलनी. त्या गावात शिरलं की चपला हातात घ्यायच्या, लांबूनच हाळी द्यायची. बस म्हनायला कुनी न्हाई. पानी वरून वंजळीत. आजबी आठवलं की तोंड कडू व्हतं. तुमच्या बानंबी तेच भोगलं. पन येताना?"

"येताना काय?"

"येताना सांगावा नसायचा. हुकूम नसायचा. माळावर म्या एकला. निवांत चालत आलो असतो तर कोन इचारनार व्हतं? पन म्या पळत यायचो. लय ग्वाड वाटायचं. वारं कानात शिरायचं आन् मरनाची ती बातमी मनातून उतरून जायची. ते पळनं माझं व्हतं, दत्तराव. कुनाचंच न्हाई, माझं. जातानाचं आपन छप्पनला सोडलं, बेस केलं. येतानाचं कामून सोडायचं?"

माझे डोळे भरून आले. एवढी वर्षं त्यांच्याजवळ राहून मला हे माहीत नव्हतं. तुझे दाजी हात ताटात वाळला तरी बसून राहिले. मग उठून बाहेर जाऊन झोपले. सहीचं मी काढलं नाही.

आज पहाटे नेहमीप्रमाणे उशीर. गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा ह्यांचा एक पाय घरातच. दारात उभे राहिले, चालावं की पळावं ते ठरेना. तेवढ्यात सरजानं हातातली पिशवी हिसकावली आणि म्हणाली, "बाबा, तुमी चालत या, मी गाडी थांबवते." आणि गेलीसुद्धा. गाडी थांबली. हे झपाझप चालत पोचले. पोरीनं पिशवी दिली आणि फिरून घराकडं सुटली, पाठीमागं बघितलंसुद्धा नाही. टपालाची थैली घ्यायला भुजंग तिथंच होता. तो म्हणतो, दत्तराव गाडीच्या मागच्या काचेला नाक लावून बसले होते.

एवढंच झालंय. संमती अजून नाही. दिवस सरत चाललेत आणि माझा जीव टांगणीला लागलाय.

तुझी अक्का

•

परभणी, २३ डिसेंबर १९७४

श्री. सूर्यभानराव यांस दत्तराव याचा जयभीम.

विषय, सरजाचे पळणे. संमतीचा कागद सही करून सोबत जोडला आहे. मिळाल्याची पोच द्यावी, आणि ती बंद पाकिटात द्यावी.

तुमच्या सरांच्या लेखात रक्ताविषयी एक अक्षर येता कामा नये. मुलीस रात्री पांघरूण जास्त लागते. तिला उसळ आवडत नाही, पण दिल्यास खाते.

आणखी एक. कसल्या वक्तृत्वाने मुलीच्या पायात काटे मोडतात हे मला समजत नाही, असे तुमच्या बहिणीस वाटते. कणगीतला पेला मी सप्टेंबरातच पाहिला होता आणि परत झाकून ठेवला होता. ती मला आपण होऊन कधी सांगेल याची वाट पाहत होतो. तुमचे कार्ड पारावर वाचले गेले तेव्हा तो शब्द कानी आला आणि ताटावरून उठलेले माझे वडील डोळ्यांपुढे उभे राहिले. त्या रागात पोरीचे पळणे बंद केले. तो राग तिच्यावर नव्हता, पण शिक्षा तिला झाली. हे मी तिच्याशी अजून बोललो नाही. बोलता येत नाही.

गेल्या सोमवारी ती गाडीपासून घराकडे पळत जाताना पाहिली. तिला कोणी बोलावले नव्हते, कोणी धाडले नव्हते. गाडी वळेपर्यंत पाहत होतो. माझे वडीलही पिंगळीला परत येताना असे पळत असतील का, हे त्यांना विचारायचे राहून गेले.

मला रजा मिळणार नाही, सबब मी पुण्यास येऊ शकत नाही. तिच्या शाळेच्या खेळाच्या बाई तिला आणतील.

आपला,
दत्तराव

•

पुणे, १३ जानेवारी १९७५

अक्कास जयभीम.

शर्यत संपल्यावर लगेच तार केली, ती मिळाली असेलच. दोन शब्दांत काय कळणार? सगळं सांगतो.

मैदानातून निघायचं, कॅनॉलच्या कडेनं दूरवर रोवलेल्या लाल निशाणाला वळसा घालायचा आणि त्याच वाटेनं परत, अशी शर्यत होती. सगळ्या मुली एकदम उसळल्या. आपली सरजा कुठं, तर पार मागं, जणू लिंबाच्या काड्या आणायला निघालीय. व्यंकटराव सर घड्याळाकडे बघून पुटपुटले, "ही तर चालतेय." निशाणापर्यंत मी मनातल्या मनात तुला सांत्वनाचं पत्रसुद्धा लिहून टाकलं होतं.

मग ती निशाणाला वळली. अक्का, तिथून पुढं जे झालं ते मला नीट सांगता येत नाही. तीच पोर, तेच पाय, पण घराकडं तोंड झालं आणि ती सुटली. एकेकीला मागं टाकत आली. तिच्या तोंडाकडं बघा म्हणून सर मला ढोसत होते. बाकीच्या मुलींचे चेहरे पिळवटले होते आणि ही चक्क हसत होती. शेवटी नाशिककडची एक मुलगी हातभर पुढं राहिली आणि सरजा दुसरी आली.

पण खरी गंमत पुढंच आहे. दोरीच्या पलीकडून एक गृहस्थ तिच्या बरोबरीनं पळत होते. एका हातात डब्याची पिशवी, शर्ट बाहेर आलेला, "चल माय, घर आलं, घर आलं" म्हणून ओरडायलेत. मी डोळे चोळून बघितलं तर दाजी. रजा नाही म्हणणारे दाजी रात्रभराच्या प्रवासानं येऊन मला न सांगता गर्दीत उभे होते.

शर्यत संपल्यावर सरजा आधी त्यांच्याकडंच गेली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मी चुकलो, बाई." एवढंच बोलले. दोघंही रडत होते आणि मीही.

सरांनी विचारलं, हे कोण? म्हटलं, मुलीचे वडील. सर म्हणाले, "वडीलसुद्धा पळतात? म्हणजे शेवटी रक्..." मी त्यांच्याकडं बघितलं. सरांनी शब्द गिळला आणि विचारलं, "चटणी?" दाजी घाम पुसत म्हणाले, "मी पळत नव्हतो. झपाझप चालत होतो."

लेख सरांनी सध्या बाजूला ठेवलाय. आता स्वतः वालूरला येऊन आबांबरोबर काड्या आणायला जायचं म्हणतात. खायला चटणी कमी तिखट कर.

तुझा सूर्यभान

•

वालूर, २० जानेवारी १९७५

चि. सूर्यभानला आशीर्वाद. राग संपला.

तार केलीस ते बरं केलंस, पण आधी विचार करायचास. गावात तार आली की कुणीतरी गेलं, एवढंच लोकांना ठाऊक. भुजंग सायकल ढकलत आला तर त्याच्या मागं बायका डोळ्याला पदर लावून. तार बंद पाकिटातली, म्हणून या एका खेपेला त्यानं वाचली नव्हती, आणि नेमकी तीच वाचायला हवी होती. शेजारच्या केशरबाईंनी तर माझ्या गळ्यात पडून रडायला सुरुवात केली. मी तार फोडली. सरजा दुसरी. मोठ्यानं वाचली तरी केशरबाईंचं रडणं थांबायला वेळ लागला.

आबांनी नंबर विचारलाच नाही. म्हणाले, "परतताना पळली ना?" तुझं पत्र अजून यायचं होतं, पण मी हो म्हटलं. मग त्यांनी माझ्या हातातली तार घेतली, घडी करून खिशात घातली आणि बूट आवळायला लागले. देवगाव फाट्याला बायनाआत्याला सांगून येतो म्हणाले. मी म्हटलं, एसटीनं जा. तर म्हणाले, "सांगावा यष्टीनं जात न्हाई. जिंदगीभर मरनाचेच नेले, एक ग्वाड सांगावा नेऊ दे."

कोण अडवणार? गेले. रात्री आत्याकडं राहिले. तिथल्या गावात बूट न काढता मधल्या गल्लीतून गेले. जिथं पूर्वी लांब उभं राहून हाळी द्यायचे त्या घराच्या ओट्यावर जाऊन बसले. बस म्हणायची वाट बघितली नाही. नात राज्यात दुसरी आली म्हणून तार दाखवली, तर घरच्या सुनेनं चहा आणून दिला. कपबशीत. हे त्यांनी मला तीनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले ते गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेले, छाती भात्यासारखी वरखाली. मी चिडले. म्हटलं, आबा, या वयात सांगावा घेऊन पळत गेलात?

"न्हाई गं. जाताना निवांत चालत गेलो. कोन घाई करनार व्हतं?" असं म्हणून त्यांनी बूट काढले, झटकले आणि उंबऱ्यावर उन्हात ठेवले. मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "येताना जरा पळालो."

तुझी अक्का